झर आटते ती सड्यावर

२०१९ सालच्या ऑगस्ट महिन्यात, स्वातंत्र्यदिन आणि नारळी पौर्णिमा ज्या आठवड्यात आली त्याच आठवड्यात, फोंडा आणि तिसवाडी या दोन तालुक्यांवर जो प्रसंग गुदरला तो आमचे वाचक विसरले नसतील. महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम चालू असलेल्या खांडेपार परिसरात जमीन खचली, ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पातून निघणाऱ्या मोठ्या जलवाहिन्या फुटल्या आणि राजधानी पणजीसह आजूबाजूच्या गावांत कित्येक दिवस नळाला पाणी आले नाही. वर आभाळ फाटल्यासारखा पाऊस, छपरांच्या पागोळ्या अखंड चाललेल्या, व्हाळ दुथडी भरून वाहताहेत. आणि घरात मात्र पिण्यास घोटभर पाणी नाही! टँकरमागे धावणारी माणसे, दुकानांतून पाण्याच्या बाटल्यांचे खोके उचलणारी माणसे आणि ज्यांना अजून आपल्या वाड्यावरची बाव किंवा डोंगराखालची झर आठवत होती अशी थोडी भाग्यवान माणसे, असे तीन वर्ग त्या आठवड्यात पाहावयास मिळाले. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या या भूमीत, भर श्रावणात, तहान भागविण्यासाठी दुकानाची पायरी चढावी लागावी, यासारखी विसंगती दुसरी कोणती?

त्या घटनेला आता वर्षे लोटली. जलवाहिन्या दुरुस्त झाल्या, नळ वाहू लागले आणि प्रसंग संपताच त्याचा धडाही आम्ही विसरलो. बाटली मात्र घरात आली ती आलीच. पूर्वी दारी पाहुणा आला की त्याच्यापुढे गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी ठेवण्याची रीत होती. आज लग्नमांडवात, ग्रामसभेत, साहित्य संमेलनाच्या व्यासपीठावर, फार काय देवळाच्या उत्सवातही छोट्या छोट्या बाटल्यांची रांग मांडलेली दिसते आणि समारंभ आटोपल्यावर अर्धवट प्यालेल्या त्याच बाटल्या गटारात व शेताच्या बांधावर लोळताना दिसतात. म्हणून झरीच्या पाण्याचा विषय आज आम्ही मुद्दाम हाती घेत आहोत.

प्रथम बाटलीविषयी दोन शब्द, आणि तेही न्यायबुद्धीने. बिसलेरी हे नाव मूळचे इटलीतले. १९६५ च्या सुमारास ते मुंबईत आले आणि १९६९ मध्ये पार्ले उद्योगसमूहाने तो व्यवसाय विकत घेतला. पाणी विकत घेण्याची कल्पनाच त्या काळी थट्टेचा विषय झाली होती. आज तेच नाव आमच्या बोलीत बाटलीतल्या कोणत्याही पाण्याचे सामान्यनाम होऊन बसले आहे. प्रवासात, इस्पितळात, पूर-वादळाच्या आपत्तीत बाटलीचा उपयोग होतो, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु बाटलीतले पाणी म्हणजे कोठल्या तरी पवित्र पर्वतातले पाणी, ही जी समजूत झाली आहे तिला आधार नाही. भारतीय मानकांनुसार ‘नैसर्गिक खनिजयुक्त पाणी’ आणि ‘पिण्याचे बाटलीबंद पाणी’ ही दोन वेगळी द्रव्ये आहेत. पहिले उगमापाशीच, त्याचा मूळ गुण न बदलता भरावे लागते. दुसरे विंधनविहिरीतून, नळातून किंवा अन्य कोठूनही घेऊन, गाळून व शुद्ध करून भरता येते. आमच्या दुकानांतून विकली जाणारी बहुतांश बाटली या दुसऱ्या जातीची असते. म्हणजे, तेही बहुधा कोणाच्या तरी गावचे भूजलच. फक्त त्या गावाचे नाव पिणाऱ्यास ठाऊक नसते.

शुद्धतेची खात्री म्हणावी, तर तीही निरपवाद नाही. २००१ मध्ये या पाण्यास मानक चिन्ह सक्तीचे झाले. तरीही दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २००३ मध्ये तपासलेल्या अनेक नमुन्यांत कीटकनाशकांचे अंश आढळले आणि सरकारला त्याविषयीची मानके अधिक कडक करावी लागली. अलीकडे, २०२४ च्या आरंभी, अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी तेथील बाटल्यांतल्या एका लिटर पाण्यात सरासरी सुमारे दोन लाख चाळीस हजार प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण मोजले. या कणांचा शरीरावर नेमका काय परिणाम होतो याचा शोध अजून चालू आहे, म्हणून आम्ही भयाची दवंडी पिटू इच्छित नाही. बाटलीत भरले म्हणजे पाणी निर्दोष झाले, असे मानता येणार नाही, एवढेच आमचे म्हणणे.

आता झरीकडे वळू. गोमंतकात झऱ्याला ‘झर’ म्हणतात आणि तिची गणती घरच्या मुलीबाळींत करतात. वेर्ण्याची केसरव्हाळची झर, साळगावची साल्मोना, पोंबुर्प्याची झर ही नावे साऱ्या गोव्यास ठाऊक आहेत. पणजीच्या मळ्यातल्या झरीवरून तर फोंताइन्यास या वस्तीला नाव मिळाले. त्याच शहरातल्या ‘बोका द व्हाका’ या झरीच्या नावाचा अर्थ गायीचे मुख. पेडणे तालुक्यात नागझर नावाचा गावच आहे. आणि फोंडा तालुका, आमचा जुना अंत्रुज महाल, तो तर पाण्याच्याच आधाराने वसलेला. बांदोड्याच्या नागेशीचे तळे आजही जिवंत झरीवर भरते. सावई-वेरें, केरी, प्रियोळ या भागांतली कुळागरे पाहा. डोंगराच्या कुशीतून निघालेले पाणी पाटाने पोफळीच्या मुळाशी, तेथून केळीला, मिरवेलीला, मग खालच्या शेताला, असा एकाच धारेचा चार वेळा उपयोग करणारी ही शेती कोणत्याही विद्यापीठात न शिकता आमच्या पूर्वजांनी उभी केली. शहापूरच्या साफा मशिदीलगतचे जांभ्या दगडात बांधलेले सोळाव्या शतकातले तळे पाहिले म्हणजे पाण्याची ही जाण कोणा एका धर्माची नव्हती, हेही ध्यानात येते.

झर म्हणजे चमत्कार नव्हे. तिचे शास्त्र साधे आहे आणि ते शाळेतल्या मुलालाही समजावे. आमच्या टेकड्यांचे माथे सपाट आहेत. त्यांना आपण सडा म्हणतो. हा सडा जांभ्या दगडाचा. चिरेखाणीत चिरा कापताना त्याच्या अंगाला असलेली छिद्रे सर्वांनी पाहिली आहेत. पावसाचे पाणी त्या छिद्रांतून, भेगांतून खाली उतरते. खाली शेडीसारख्या चिकण मातीचा थर लागला की ते अडते, थरावरून आडवे सरकू लागते आणि जेथे डोंगराचा उतार त्या थराला छेदतो तेथे बाहेर पडते. तेच झरीचे तोंड. वैशाखात, जेव्हा आभाळात ढगाचा ठिपकाही नसतो, तेव्हा आपण जे पाणी ओंजळीत घेतो ते गेल्या आषाढात किंवा त्याही आधीच्या पावसाळ्यात सड्यावर पडलेले असते. सडा ही आमची टाकी आहे. झर हा तिचा केवळ नळ. झर तोंडापाशी आटत नाही. ती आटते सड्यावर. ही एक गोष्ट मनाशी पक्की झाली की या विषयातली पुढची सारी कर्तव्ये आपोआप स्पष्ट होतात.

मात्र झरीचे गुणगान करताना भाबडेपणा कामाचा नाही. ज्या जांभ्याच्या छिद्रांतून पाऊस उतरतो त्याच छिद्रांतून घाणही उतरते. याचा सर्वांत मोठा पुरावा आमच्याच भूमीत, जुन्या गोव्यात उभा आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस गोव्यात राहिलेल्या लिन्सखोटेन या डच प्रवाशाने लिहून ठेवले आहे की शहराला पिण्याचे चांगले पाणी जवळच्या बायंगिणीच्या झरीवरून येई. गुलाम ते घड्यांतून वाहून आणीत आणि शहरात विकीत. पाणी विकण्याचा धंदा गोव्याला बाटलीने शिकविला नाही. चारशे वर्षांपूर्वी तो येथे चालतच होता. शहरातल्या विहिरी त्या सच्छिद्र जमिनीतून मुरणाऱ्या मैल्याने नासल्या. पटकी, हिवताप अशा साथींनी लोक मेले. उरलेल्यांनी हळूहळू शहर सोडले आणि अखेर १८४३ मध्ये पणजी ही अधिकृत राजधानी झाली. पूर्वेचे रोम म्हणून मिरविणाऱ्या नगरीच्या अध:पतनास व्यापार, युद्धे अशी इतरही कारणे होती; पण पाण्याचा वाटा त्यात लहान नव्हता. आणि दैवदुर्विलास असा की ज्या बायंगिणीने त्या नगरीला पाजले, त्या बायंगिणीचे नाव आजच्या पिढीने ऐकले ते कचरा प्रकल्पाच्या वादामुळे!

चव ही शुद्धतेची साक्ष नव्हे, हेही आम्ही स्पष्टपणे सांगू इच्छितो. १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात पटक्याची साथ आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी घरोघर हिंडून मृत्यूंचा माग काढला. तो माग ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपापाशी जाऊन थांबला. त्या परिसरापासून दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा त्याच साथीने दगावली होती. चौकशीअंती कळले ते असे की तिला त्या पंपाच्या पाण्याची चव इतकी आवडे की ती रोज ते बाटलीत भरून मागवीत असे. पाणी गोड होते, नितळ होते. आणि त्यातच मृत्यू होता. ‘आमच्या आजोबांपासून आम्ही हे पाणी पितो, आम्हाला काही झाले नाही’ असे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की आजोबांच्या काळी सड्यावर वसाहत नव्हती, संडासाच्या टाक्या नव्हत्या आणि बागायतीत रासायनिक खतही नव्हते.

आणखी एक गोष्ट, जी अशा लेखनातून सोयीस्करपणे गाळली जाते. जुन्या पाणवठ्यांचे गोडवे गाताना ते पाणवठे सर्वांचे होते का, हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारला पाहिजे. गावच्या झरीवर कोणी वरच्या धारेला भांडे लावायचे आणि कोणी खालच्या ओघळावर थांबायचे, हे जातीने ठरत होते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या हजारो अनुयायांसह प्राशन केले, ते पाण्याच्या चवीसाठी नव्हे. आणि त्या तळ्यावरचा कज्जा उच्च न्यायालयात मिटण्यास पुढे १९३७ साल उजाडावे लागले. सरकारी नळाने व बाजारातल्या बाटलीने काही केले असो वा नसो, त्यांनी कोणाची जात विचारली नाही. तसेच डोक्यावर एक आणि कमरेवर एक कळशी घेऊन चढण चढणाऱ्या आमच्या मायबहिणींची पाठ नळाने सरळ केली. तेव्हा झरीकडे परतणे याचा अर्थ त्या विषमतेकडे किंवा त्या ओझ्याकडे परतणे असा जर कोणी करीत असेल, तर त्यास आमचा ठाम विरोध आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी ही भूमी मुक्त झाली ती सर्वांसाठी झाली; तिच्या झरीही सर्वांच्याच असल्या पाहिजेत.

मग झर कशासाठी? नळ आहे ना? हा प्रश्न वाजवी आहे. २०२२ मध्ये गोवा हे ‘हर घर जल’ प्रमाणपत्र मिळविणारे देशातील पहिले राज्य ठरले. येथील घरोघर नळ पोहोचला आहे. परंतु नळ आणि झर ही दोन वेगळी पाणी आहेत हाच मुळात भ्रम होय. ओपाचा प्रकल्प खांडेपार नदीचे पाणी उचलतो. फाल्गुन-चैत्रात, पाऊस थांबून महिने लोटल्यावरही, त्या नदीत पाणी का असते? सह्याद्रीच्या पायथ्यापासून वाटेवरच्या प्रत्येक डोंगरातून असंख्य लहानमोठ्या झरी तिच्यात मिसळत असतात म्हणून. उन्हाळ्यातली नदी म्हणजे झरींची बेरीज. झर मेली की आज वाड्यावरची तांब्याभर धार जाते. उद्या नदी रोडावते आणि परवा नळाला हवा येऊ लागते. जो मनुष्य आयुष्यात कधी झरीवर गेला नाही तोही, तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या नळातून, झरीचेच पाणी पितो.

ही झर कशी मरते, हे पाहावयाचे असेल तर डिचोलीत जावे. लोहखनिज काढण्यासाठी तेथे डोंगर तर कापले गेलेच. पण खाणी भूजलाच्या पातळीखाली, काही ठिकाणी समुद्रसपाटीच्याही खाली गेल्या. खड्ड्यात साचणारे पाणी रात्रंदिवस पंपांनी उपसून बाहेर टाकल्याखेरीज तेथे काम होत नाही आणि ते उपसले की सभोवतालच्या गावांतल्या विहिरी व झरी त्या खड्ड्याकडे ओसरू लागतात. लईराईच्या जत्रेमुळे प्रसिद्ध असलेल्या शिरगावच्या लोकांना आपल्या विहिरींसाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली. २०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने आणि पाठोपाठ ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबविल्या. २०१८ च्या फेब्रुवारीत ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले. आणि लिलावानंतर २०२४ मध्ये डिचोलीच्या पट्ट्यात खाण पुन्हा सुरू झाली. खाणीवर हजारो कुटुंबांची चूल पेटत होती, हे आम्ही जाणतो आणि त्या चुलीची थट्टा करण्याचे पाप आमच्या हातून होणार नाही. पण चूल पेटल्यावर तिच्यावर ठेवावयाच्या भांड्यात पाणी लागते, याचाही हिशेब खाणीच्या खर्चात धरला गेला पाहिजे. आजवर तो धरला गेला नाही.

पेडण्याची कथा निराळी, तरी मर्म तेच. मोपाच्या विस्तीर्ण सड्यावर विमानतळ झाला. जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. त्याआधी २९ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकल्पाच्या पर्यावरण परवान्याला स्थगिती दिली होती. जानेवारी २०२० मध्ये, अधिक अटी घालून, ती उठविली. विमानतळ हवा की नको, हा वाद आता इतिहासजमा झाला. पण सड्यावर काँक्रिट आणि डांबर पसरले की तेवढ्या जमिनीत पाऊस मुरण्याचे थांबते, हा निसर्गाचा नियम कोणत्याही निकालाने बदलत नाही. विमानतळापाठोपाठ हॉटेले, वसाहती, रस्ते येतात. मोपा, वारखंड, नागझर, कासारवर्णे या गावांनी आपल्या झरींची धार आज मोजून ठेवली नाही, तर दहा वर्षांनी ‘पूर्वी येथे पाणी होते’ या त्यांच्या म्हणण्यास पुरावा उरणार नाही. तोंडी साक्ष न्यायालयात टिकत नाही, नोंदवही टिकते.

गंमत अशी की, सडा राखल्याखेरीज झर राहत नाही, हे पाणी विकणाऱ्यांना आमच्या आधी कळले. फ्रान्समधील एव्हियाँ हे गाव त्याच्या पाण्यासाठी जगप्रसिद्ध आहे. आल्प्सच्या पठारावर पडलेले पाणी खडकांतून गाळत खाली येण्यास तेथे पंधरा वर्षांहून अधिक काळ लागतो. ते पठार स्वच्छ राहावे म्हणून १९९२ पासून बाटली भरणारी कंपनी आणि पठारावरची व पायथ्याची गावे यांची एक संयुक्त संस्थाच काम करीत आली आहे. त्याच देशातील व्हिटेल येथे झरीच्या पाण्यात नायट्रेट वाढू लागले, तेव्हा कंपनीने वरच्या शेतकऱ्यांना मोबदला देऊन मक्याची लागवड व रासायनिक खते सोडावयास लावली. हे त्यांनी निसर्गप्रेमापोटी केले असे मानण्याचे कारण नाही. माळ राखला नाही तर माल उरणार नाही, हा रोकडा हिशेब होता. जे व्यापाऱ्याला नफ्यासाठी कळते ते पंचायतीला तहानेसाठी कळू नये काय?

देशातही उदाहरणे आहेत. सिक्कीमने २००८ पासून ‘धारा विकास’ या कार्यक्रमाखाली डोंगरमाथ्यावर चर खणून पाणी मुरविले आणि आटत चाललेल्या अनेक झऱ्यांना जीवदान दिले. त्याच राज्याने १ जानेवारी २०२२ पासून पाण्याच्या प्लास्टिक बाटल्यांवर बंदी घातली. ही दोन पावले एकाच वाटेवरची आहेत, हे विसरता कामा नये. आधी झर जागवावी, मग बाटली हटवावी. नुसत्या बंदीने तहान भागत नाही. पुण्याची ‘अॅक्वाडॅम’ ही भूजलशास्त्रज्ञांची संस्था झऱ्यांच्या शास्त्रावर वर्षानुवर्षे काम करीत आली आहे. शास्त्र दारी आहे. त्याला आत बोलावण्याची इच्छा हवी.

म्हणून आमच्या सूचना मोघम नाहीत. पहिली अशी की प्रत्येक पंचायतीने आपल्या हद्दीतल्या झरींची नोंदवही करावी. त्यासाठी अभियंता लागत नाही; दहा लिटरची बादली आणि घड्याळ पुरे. बादली वीस सेकंदांत भरली, तर ती झर तासाला १,८०० आणि दिवसाला ४३,२०० लिटर पाणी देते. पिण्यास व रांधण्यास माणशी पाच लिटर धरले, तर एवढी एक बारीक धार साडेआठ हजारांहून अधिक माणसांना पुरेल. ज्या झरीला आपण किरकोळ समजतो तिची ही ताकद! हे मोजमाप दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस, धार सर्वांत क्षीण असताना, व्हावे. गावच्या माध्यमिक शाळेच्या विद्यार्थ्यांनी ते करावे. भूगोलाचा याहून चांगला धडा नाही.

दुसरी सूचना तपासणीची. पाणी पावसाळ्यापूर्वी, पहिल्या पावसानंतर आणि चतुर्थीनंतर असे वर्षातून तीनदा तपासावे. या परीक्षेसाठी तयार केलेल्या एका लहान कुपीत पाणी भरून उबदार जागी ठेवावे आणि एक-दोन दिवसांत ते काळे पडते का पाहावे, ही जंतूंची प्राथमिक परीक्षा गावातली कोणतीही प्रशिक्षित महिला करू शकते. ती कुपी काळी पडली तर नमुना प्रयोगशाळेत जावा. शंभर मिलिलिटर पाण्यात मैल्याचा निदर्शक जंतू एकही असता कामा नये, हे मानक आहे. तपासणीचा निकाल, चांगला असो वा वाईट, तारखेसह झरीपाशी फलकावर मराठीत व कोकणीत लावावा. निकाल वाईट असेल तोवर पाणी उकळूनच प्यावे. आणि तान्ह्या मुलांना व आजाऱ्यांना तर ते नेहमीच उकळून द्यावे. श्रद्धा देवाच्या ठायी असावी. पाण्याच्या ठायी परीक्षा असावी.

तिसरी सूचना झरीच्या तोंडाची. उगमावर झाकलेली पक्की कुंडी, तिच्यातून काढलेली नळी, वाहून जाणाऱ्या पाण्यास स्वतंत्र पाट, कपडे धुण्यास खाली वेगळी जागा, एवढे बांधकाम कोणत्याही पंचायतीच्या ऐपतीबाहेरचे नाही. कुंडीपासून वाड्यावरच्या सार्वजनिक तोटीपर्यंत नळी नेली तर कळशीचे ओझेही वाचते. सुशोभीकरणाच्या नावाखाली झरीला रंगीत फरशी व सिमेंटचे पुतळे बसविण्याची जी टूम निघाली आहे तिला मात्र आवर घालावा. तोंड रंगवून कोणी निरोगी होत नाही.

चौथी सूचना सर्वांत अवघड आणि म्हणूनच सर्वांत महत्त्वाची. ज्या सड्यावर झरीचे पाणी मुरते तो सडा नकाशावर आखून तेथे भूरूपांतर होऊ देऊ नये. जमिनीचा वापर बदलण्याच्या पळवाटा गोव्यात किती रुंद झाल्या आहेत हे सर्वश्रुत आहे. नगरनियोजन कायद्याच्या कलम १७(२) खालचे नियम उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द ठरविले, त्यावरून त्या रुंदीची कल्पना यावी. २००२ पासून गोव्यात भूजल नियमनाचा कायदा आहे. विहीर खणण्यास परवाना लागतो; परंतु जेथून विहिरीला पाणी येते तो डोंगर कापताना पाण्याचा प्रश्न शेवटच्या ओळीत येतो. ही उतरंड उलटी झाली पाहिजे.

अखेरची विनंती आमच्या फोंड्याच्या देवस्थानांना. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी, नागेशी या क्षेत्री वर्षभरात लाखो भाविक येतात. म्हार्दोळची महालसा मूळची वेर्ण्याची, म्हणजे केसरव्हाळच्या झरीच्या गावची. धर्मच्छळाच्या काळात आमची कित्येक दैवते पाण्याच्या व झाडीच्या आश्रयाने या अंत्रुज महालात आली आणि येथल्या डोंगरांनी त्यांना ठाव दिला. त्या डोंगरांचे ऋण देवस्थानांवर आहे. उत्सवात बाटल्यांऐवजी तपासलेल्या पाण्याची पाणपोई असावी. तांब्याचे हंडे आणि मातीचे माठ असावेत. आणि त्या माठापुढे हात पसरणाऱ्या कोणासही तू कोण, हे विचारले जाऊ नये. देवळाच्या जत्रेने जर बाटली नाकारली, तर लग्नाचा मांडव आणि मंत्र्याची सभा तिचे अनुकरण केल्याखेरीज राहणार नाही; आमचा समाज उपदेशापेक्षा रिवाजाचे अधिक ऐकतो.

बाटली पिणाऱ्याला डोंगराची चिंता करावी लागत नाही; पैसे टाकले की त्याचा संबंध संपला. झरीचे पाणी पिणाऱ्याला मात्र मान वर करून सड्याकडे पाहावेच लागते. तेथे कोणते यंत्र चालले आहे, कोणती झाडे तुटत आहेत, कोणाची टाकी पाझरते आहे, हा प्रश्न त्याच्या घशाशी बांधलेला असतो. आमच्या मते झरीच्या पाण्याचा खरा गुण हाच. येत्या मे महिन्यात आपल्या वाड्यावरच्या झरीपाशी बादली आणि घड्याळ घेऊन जा. ती बादली किती सेकंदांत भरली, तो आकडा भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा आणि पुढल्या वर्षी त्याच्याशी ताडून पाहा. आकडा वाढला असेल, तर खाली झरीपाशी भांडत बसू नका. वर सड्यावर जाऊन काय चालले आहे ते पाहा.